मिरजेला ऑपरेशन ठरलं: आठ दिवस आधीपासूनची तयारी

तारीख मिळाली की घरातले बॅग काढतात. बॅग राहू द्या, आधी गोळ्या गोळा करा. पेशंट रोज घेतो त्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पारदर्शक पिशवीत टाका. पाकिटाचे कापून ठेवलेले दोन-चार गोळ्यांचे तुकडे चालत नाहीत, कारण नाव आणि मिलिग्रॅम नेमके दुसऱ्या तुकड्यावर राहिलेले असतात आणि ‘ती पांढरी, बारकी, सकाळची’ एवढ्यावरून भूलतज्ज्ञाला काही कळत नाही. ही पिशवी तपासणीच्या दिवशी त्यांच्यापुढे ओता आणि एकेका गोळीबद्दल विचारून कागदावर लिहून घ्या: कुठली चालू ठेवायची, कुठली किती दिवस आधी बंद करायची आणि कुठली ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची.

हे आपल्या मनाने ठरवण्यासारखं नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन या गोळ्या बहुतेक वेळा काही दिवस आधी थांबवतात, नाहीतर रक्तस्राव आवरत नाही. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, असलेल्याने त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. मधुमेहाची नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या तर तीन-चार दिवस आधीच बंद करायला सांगतात, कारण उपवासात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढतं आणि साखर मात्र जवळजवळ नेहमीसारखीच दिसते. थायरॉइडची गोळी सहसा चालू राहते. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांपैकी काही चालू ठेवतात, काही त्या दिवशी चुकवायला सांगतात. नावावर अवलंबून आहे, म्हणूनच पाकीट लागतं.

एक गोष्ट लोक हमखास सांगत नाहीत. गुडघेदुखीच्या किंवा दम्याच्या, बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी अचानक घसरतं. पुडी आणा, दाखवा. कोणी रागावलं तर रागावू द्या.

तसंच मिश्रीचं. आपल्याकडे घरातली वयस्कर बाई दिवसातून तीनदा मिश्री लावते आणि ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की ‘नाही’ म्हणते, कारण मिश्रीला ती तंबाखू मानतच नाही. शिवाय समोर जावई उभा असतो. भाजली तरी ती तंबाखूच. निकोटिनने नाडी वाढते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. बिडी-सिगारेट चार आठवडे आधी सुटली तर उत्तम. तेवढे दिवस हातात नसतील तर निदान एक दिवस तरी, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातून निघून जातो. गुटखा खाणाऱ्याने आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून बघावीत. ती जात नसतील तर जबडा आखडलाय आणि श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाणार आहे. हे आधी कळलं तर भूलतज्ज्ञ वेगळी सामग्री तयार ठेवतात. टेबलावर कळलं तर सगळ्यांचीच धावपळ. चारचौघांत सांगायचं नसेल तर ‘डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय’ एवढं म्हणा, नातेवाइकांना बाहेर थांबवतात. हलणारा दात, कवळी, पूर्वी भूल देताना झालेला त्रास, कुठल्या औषधाने आलेलं पित्त हेही त्याच वेळी सांगून टाका. मधल्या दिवसांत ताप, खोकला किंवा अंगावर पू धरलेलं गळू आलं तर लगेच फोन करा. गुडघा बदलायचा असेल तर दुखरा दातही आधी दाखवून घ्या, कारण तिथला जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो.

आता धाकधूक. ‘घाबरू नका’ म्हटल्याने कोणाची भीती गेल्याचं दिसत नाही. कशाची भीती वाटतेय हे ओळीने लिहून काढलं की मात्र निम्म्या ओळी प्रश्न निघतात, आणि प्रश्नाला विचारायला माणूस असतो. ‘भूल उतरलीच नाही तर?’ ऑपरेशन चालू असतं तोवर भूलतज्ज्ञ तुमच्या उशाशीच असतात. नाडी, बीपी आणि रक्तातला ऑक्सिजन यांवर त्यांची सतत नजर असते आणि भूल कमी-जास्त करणं त्यांच्या हातात असतं. ‘पाठीत इंजेक्शन दिलं की जन्माची कंबर धरते’ हे गावोगावचं ठाम मत आहे, पण ते खरं नाही. सुई टोचल्या जागी काही दिवस ठणका राहतो, कायमची कंबरदुखी त्या सुईने येत नाही. पाय दोन-चार तास जड, परके वाटतात, मग मुंग्या येऊन परत येतात. नंतर उठून बसल्यावर डोकं फार दुखलं आणि आडवं झाल्यावर थांबलं तर तसंच सिस्टरना सांगा, त्यावर उपाय आहे. आणि ऑपरेशन थिएटर गार असतं. तिथे दात वाजले तर ते भीतीने वाजले असं समजू नका.

रात्री छातीत धडधडायला लागलं की करायला एक काम हवं. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा आकडे मोजत हळूहळू बाहेर, दहा मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की नाडी उतरते. हे आठवडाभर आधीपासून रोज दोन वेळा करा, कारण ऐन वेळी शिकलेलं आठवत नाही. त्यातच आणखी दोन सवयी बसवा. छातीच्या व्यायामाचं तीन गोळे असलेलं यंत्र दिलं असेल तर गोळे खटकन वर उडवू नका. हळू श्वास ओढून ते दोन-तीन सेकंद वर ठेवायचे असतात. पोटाचं ऑपरेशन असेल तर पोटावर उशी घट्ट धरून खोकायला आणि कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन उठायला शिका. टाक्यांनंतर सरळ उठू पाहणारा माणूस पहिल्याच झटक्याला कळवळतो आणि मग दिवसभर पलंग सोडत नाही. पडून राहिलं की छातीत कफ आणि पिंढरीत गुठळी, दोन्हींची सोय होते.

भीतीला खतपाणी घालणारी आणखी एक जमात म्हणजे भेटायला येणारे. ‘आमच्या साडूचंबी हेच झालं होतं’ इथून सुरू झालेली गोष्ट कुठे संपेल याचा नेम नसतो. फोनची जबाबदारी आधीच एकावर टाका, पेशंटचा मोबाइल त्याच्याकडे द्या आणि पाहुण्यांना डिस्चार्जनंतर घरी यायला सांगा.

कागदांची फाईल एकच, आणि ती सोबत्याच्या हातात. आधीचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, ताजा सगळ्यात वर, एक्स-रे न दुमडता. आधार, शिधापत्रिका, दोघांचे फोटो, झेरॉक्सच्या चार-चार प्रती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या आजारांना आणि योजनेतल्या दवाखान्यांतच. तिथे योजनेचं काम बघायला बसणाऱ्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याच्या आधी भेटा. अडतं ते नावात: शिधापत्रिकेवर ‘बाळाबाई’, आधारवर ‘बाळुबाई’, किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. ही दुरुस्ती एका दुपारी होत नाही. मेडिक्लेम असेल तर खोलीभाड्याची मर्यादा बघा. त्याहून महाग खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत भाड्याबरोबर बाकीच्या बिलातलीही रक्कम त्याच प्रमाणात कापतात.

रक्त लागण्याची शक्यता सांगितली असेल तर दोन दाते आधीच ठरवून ठेवा. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. मागच्या वेळी रक्त देऊन पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने झालेले असावेत. दात्याने सकाळी नाश्ता करून यावं. पेशंट उपाशी म्हणून दातापण उपाशी आला की तो चक्कर येऊन तिथेच बसतो.

जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे लक्ष ठेवा. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पलूस, वाळव्याकडून येणाऱ्यांनी चाळिशी गाठायच्या आत मिरज गाठलेली बरी. 1894 मध्ये डॉक्टर वानलेस यांनी इथे दवाखाना सुरू केला, तेव्हापासून या गावाला पेशंटची सवय आहे. स्टेशनच्या आसपास लॉज आहेत, दवाखान्यांजवळ खाणावळी आहेत, मेडिकल तर पावलोपावली. तेव्हा घरातून अर्धा संसार उचलून आणू नका.

पिशव्या दोन. पेशंटच्या पिशवीत पुढून बटणांच्या दोन मॅक्सी किंवा सैल शर्ट आणि लुंगी. पोटाचं ऑपरेशन असेल तर बेंबीवर नाडी येणारं काहीच नको, कारण टाके नेमके तिथेच येतात. मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. नुसती अंगठ्याची रबरी चप्पल ओल्या फरशीवर पाडते. टॉवेल, ब्रश, कंगवा, व्हॅसलीनची छोटी डबी, कारण उपवासाने आणि ऑक्सिजनच्या मास्कने ओठ फुटतात. चष्म्याची आणि कवळीची झाकणाची डबी, वर नाव लिहिलेली. आडवं पडून पाणी पिता यावं म्हणून वाकणाऱ्या दोन-चार नळ्या. सोबत्याच्या पिशवीत चटई, दोन चादरी, उशी, एक लिटरचा थर्मास, ताट-वाटी-चमचा, साधा वॉर्ड असेल तर बादली-मग, आणि मोबाइलची लांब वायर, कारण प्लग पलंगामागे असतो आणि चटई पायथ्याशी. थोडी रोख, सुट्या पैशांसह. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेला आधी विचारा. सोबती एकच असेल तर तिसऱ्या रात्री तोच आजारी पडतो, म्हणून पाळी लावा.

आदल्या दिवशी नखं कापा, नेलपॉलिश काढा. बोटाच्या चिमट्याने ऑक्सिजन मोजतात, रंग आड आला की आकडा चुकतो. बोटांच्या टोकांवर मेंदी नको, त्याचंही कारण हेच. साबण लावून आंघोळ रात्री एकदा, सकाळी एकदा. नंतर अंगाला तेल चोपडू नका, छातीवर चिकटवायच्या पट्ट्या टिकत नाहीत. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने किंवा ब्लेडने काढू नका. डोळ्यांना न दिसणारे काप पडतात आणि त्यांत जंतू शिरतात. काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीनने कापतात. डॉक्टरांनी पायावर मार्करने खूण केली असेल तर ती घासून घालवू नका.

दागिने घरीच उतरवा. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात, धातूजवळ भाजण्याचा धोका असतो, आणि सूज आली की अंगठी रुतते. जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतात. आदल्या दिवशी पाय उंच ठेवून, साबणाचा फेस लावून फिरवत काढा, नाहीच निघाली तर सोनाराकडे जा. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर निदान ते सासूबाई किंवा नवरा यांच्या हातात घरीच द्या, थिएटरच्या दारात सिस्टरशी वाद घालत नको. पुरुषांचा करदोटा, दंडातला ताईत, तोही यात आला.

उपवासाची वेळ दवाखाना सांगेल तीच. साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट किंवा मटण आठ तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात मोडतो. ऑपरेशन पुढे ढकलण्याची सगळ्यात फुकाची कारणं म्हणजे पहाटेचा अर्धा कप चहा आणि प्रसाद. भूल दिल्यावर घशाची राखण थांबते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं, म्हणून ही सक्ती आहे. सांगलीच्या गणपतीचा पेढा असो की मीरासाहेबांच्या दर्ग्यातला प्रसाद, तो फाईलच्या खिशात ठेवा. अंगारा कपाळाला लावायचा तर आदल्या रात्री लावून सकाळी धुवा, जिभेवर टाकू नका. आणि चुकून चहा प्यायला गेलाच तर लपवू नका. तारीख दुसरी मिळते.

स्ट्रेचर आलं की कवळी, चष्मा, ऐकायचं मशीन काढायचं. कानाचं मशीन शेवटच्या क्षणापर्यंत ठेवू देता का, हे सिस्टरना आधीच विचारा. भूलतज्ज्ञ काय सांगताहेत ते ऐकू आलं नाही तर म्हातारा माणूस उगाच बावरतो. काढलेली प्रत्येक वस्तू नावाच्या डबीत, डबी सोबत्याच्या शर्टाच्या खिशात. पलंगावर ठेवलेली कवळी चादरीबरोबर धुलाईला जाते.