रात्रीच्या सराफ्यात मोबाईलवर रॉ फोटो

भर दुपारी इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले टिपायचे असतील तर रॉच्या, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलच्या, भानगडीत पडू नका, फोनचा मूळ कॅमेरा पुरे. रॉचं खरं काम रात्री सराफ्यात, म्हणजे दिवसा सोन्या-चांदीच्या आणि रात्री खाण्याच्या बाजारात. पिवळा बल्ब, पांढरा एलईडी आणि कढईखालचा जाळ एकाच चौकटीत आले की फोन रंगांचा काहीतरी अंदाज बांधतो आणि नेहमीच्या जेपीईजी फोटोत तोच पक्का होतो. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (कुठला रंग पांढरा धरायचा ते) घरी बसून ठरवता येतो.

अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' घ्या. सेटिंग्जमध्ये कॅमेरा एपीआय बदलून 'कॅमेरा२' करा, मग फोटो सेटिंग्जमध्ये रॉ सुरू करा. तिथे रॉचा पर्यायच नसेल तर बहुधा फोनने ती सोय बाहेरच्या ॲपना दिलेली नाही; ॲप बदलत बसू नका. आयफोनवर 'हॅलाइड' किंवा 'लाइटरूम' चालेल.

आता शटर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि ते रॉमध्येही धड निघत नाहीत. गराडू (तळलेला कंद) परतणारे हात हवे असतील तर १/१००. मग आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) इतका उतरवा की जिलेबीच्या पाकावरची चकाकी सपाट पांढरी होणार नाही. बल्ब जळाला, म्हणजे फोटोत कोरा पांढरा झाला, तर जळू द्या! अंधारातला तपशील थोडाफार वर काढता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. कच्ची फाइल फिकी, दाणेदार दिसणारच. मूळ कॅमेरा अनेक फ्रेम एकत्र करून दाणे पुसतो, तसं इथे झालेलं नसतं.

१२ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस न केलेली डीएनजी (रॉ फोटोची फाइल) साधारण २४ एमबीची, म्हणजे २०० फोटोंना जवळपास ५ जीबी. निवड त्याच रात्री करा. गॅलरीतून जेपीईजी उडवला तरी पुष्कळ फोनांत जोडीची डीएनजी मागे राहते. फाइल मॅनेजरमध्ये 'डीसीआयएम'मधलं 'ओपन कॅमेरा'चं फोल्डर उघडून आकारानुसार लावा, उरलेल्या लगेच सापडतील. लाइटरूमच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो ॲपच्या पोटातच असतात. सिंक किंवा एक्स्पोर्ट झाल्याशिवाय ॲप काढलं तर तेही गेले. संगणकावर केबलनेच उतरवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच झाले तर डॉक्युमेंट म्हणून.