नवी येईपर्यंत जुनीला कसं चालवावं

माझी एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवरची माउंटन बाइक सायकल, तेरा वर्षांची झाली. २६ इंची चाकं, पुढे तीन मागे आठ गिअर, आणि पुढचा फोर्क (चाक धरणारा, धक्के झेलणारा दुहेरी दांडा) आता केवळ शोभेला. पुण्याच्या वेताळ टेकडीवर मात्र रविवारी तीच येते. नवीसाठी पैसे साठवतोय, अजून दीडेक वर्ष लागेल. या मधल्या काळात माणसं दोनपैकी एक घोळ घालतात. काही जण नवीचे पैसे जुनीच्याच लाडात उडवतात. बाकीचे ‘आता जायचीच आहे’ म्हणून तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि एक दिवस उतारावर ब्रेक लागत नाही. मी दोन्ही करून झालोय.

१. आधी फ्रेम बघा. सायकल पुसून उन्हात उभी करा. हँडलच्या खालचा जोड, पेडलच्या आसाभोवतीचे जोड आणि सीटच्या नळीचं वरचं तोंड, या तीन जागा नीट न्याहाळा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवून पाहा. नख अडकलं तर बहुधा तडाच. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, उष्णतेने जोडाजवळचा धातू मऊ पडतो. तडा असेल तर ही सायकल चालवणं बंद, आणि या लेखाचा पैशांचा भाग तेवढा वाचा.

२. खर्चाची वाटणी ठरवा. ब्रेक, टायर, केबल यांत काटकसर नाही. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या की रबर बदला. डिस्क ब्रेक असेल तर पॅडचा थर एक मिलिमीटरवर आला की बदला. केबलची एक जरी तार सुटलेली दिसली तर ती केबल काढून टाका. कॅलिफोर्नियात १९७६ साली माउंटन बाइकच्या पहिल्या शर्यती झाल्या, त्या जुन्यापान्या सायकलींवरच. उतार संपेपर्यंत मागच्या चाकाच्या हबच्या (मधल्या भागाच्या) ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. जुनी सायकल टेकडीवर नेण्यात कमीपणा काही नाही, ब्रेकची काळजी तेवढी हवी.

पेडल, दिवे, पंप, हेल्मेट हे बिनधास्त चांगलं घ्या, ते नवीवरही चालेल. मात्र २६ इंची चाकांचा नवा जोड, नवा फोर्क, ‘डिस्क बसवून देतो’ असल्या सल्ल्यांना हात जोडा. नवी सायकल बहुधा २७.५ किंवा २९ इंची असेल, त्यातलं तिला काहीच लागणार नाही.

३. चेन पट्टीने मोजा. दुकानात सोडली की ‘चेन, ब्लॉक, सगळं गेलंय’ हे ऐकावं लागतं (ब्लॉक म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या). म्हणून घरीच मोजा. स्टीलची पट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि तिच्यापासून पुढची चोविसावी पिन पाहा. चेन नवी असेल तर ती बरोबर १२ इंचांवर येते. साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन लगेच बदला, ब्लॉक वाचेल. तीन मिलिमीटर गेली असेल तर मात्र थांबा! आता ब्लॉकचे दातही त्या ताणलेल्या चेनच्या मापाने झिजलेत. नवी चेन टाकलीत तर ती जोर लावताच घसरेल. एकमेकांत मुरलेलं जोडपं आहे ते, सुखाने चालतंय तोवर वेगळं करू नका. चढावर उभं राहून पेडल मारताना घसरायला लागलं की दोन्ही एकदम बदलायचे, आणि तेही स्वस्तातले. आठ गिअरचे भाग अजून सहज मिळतात.

४. पाणी कमी, फडकं जास्त. पावसाळ्यात चिखल झाला की गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊ नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि महिन्याभरात चाक कुरकुरायला लागतं. बादली आणि ब्रश पुरे. चेन कोरडी पुसून प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल द्या आणि वरचं सगळं पुसून टाका. तेल आत हवं, वर राहिलं की धूळ धरतं.

हवेचं सांगायचं तर ट्यूब असलेल्या चाकात माझ्या सत्तर किलोंना टेकडीवर ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं) आणि डांबरी रस्त्यावर ४५ बरं पडतं. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडत असतील तर हवा कमी भरताय.

५. पैसे वेगळे ठेवा. ४५ हजारांची सायकल ठरली तर दरमहा २,५०० प्रमाणे अठरा महिने. पगार झाला की लगेच आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत) टाका. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामाला लांब पडते; बँकेत हव्या त्या मुदतीची मिळते. जुनीसाठी महिन्याला तीनशे रुपयांचा वेगळा डबा करा, आणि एकाच दुरुस्तीचा खर्च आरडीच्या दोन हप्त्यांच्या वर जायला लागला तर आधी एक आठवडा विचार करा. जुन्या किमतींवर हिशेब बेतला असेल तर तो पुन्हा मांडा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

६. वही ठेवा. दर फेरीनंतर एक ओळ पुरे: कुठे गेलो, काय अडलं. सहा महिन्यांनी माझ्या वहीत टेकडी महिन्यातून दोनदाच निघाली, बाकी सगळा खडकवासल्याचा डांबरी रस्ता! मग जाड सस्पेन्शनचं मॉडेल यादीतून खोडलं आणि चार हजार वाचले. सीटची उंची आणि सीटपासून हँडलपर्यंतचं अंतरही त्याच वहीत लिहा, नवी घेताना टेपसोबत घेऊन जा.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मडगार्ड आणि कॅरिअरचे भाव उतरवून ठेवलेत. जुनी विकायची नाही, मंडईला लागेल.