घरच्या घरी सुतारकामाची जागा कशी मांडावी

घरात सुतारकाम सुरू करायचे ठरले, की मन आधी यंत्रांकडे धावते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की पहिला खर्च भक्कम बाकावर आणि धार लावण्याच्या दगडांवर करावा. बाक डुगडुगत असेल, तर चांगल्यातला चांगला रंधाही (फळी तासून सपाट करायचे हत्यार) नीट चालत नाही. ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येते, साधारण तेवढी बाकाची उंची ठेवावी, म्हणजे रंधा मारताना अंगाचे वजन कामी येते आणि खांदे भरून येत नाहीत. उजेड बाजूने, तिरका पडावा. त्यात फळीवरचे उंचवटे लगेच दिसतात.

सुरुवातीला हत्यारे थोडीच पुरतात: लाकूड उभे चिरायची आणि आडवे कापायची अशा दोन करवती, एक मध्यम लांबीचा रंधा, ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या पटाशा (लाकूड कोरायची सपाट पात्याची हत्यारे), त्या ठोकायला लाकडी मोगरी, लाकूड आवळून धरणारे चार क्लॅम्प आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार. गुण्या विकत घेतानाच पारखावा. फळीच्या सरळ कडेला तो टेकवून रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या नाहीत, तर त्यांच्यातले अंतर हे गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असते.

नवी पटाशी बहुधा कामायोग्य धारेची नसते. तिची पाठ दगडावर टोकाजवळ सपाट करावी, नंतर उतार सुमारे २५ अंशांत ठेवून १००० ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) घासावे. पाठीकडून बोट धारेच्या बाहेरच्या दिशेने हळूच फिरवल्यावर संपूर्ण रुंदीभर बारीक धस (घासल्याने उलटलेली धातूची खरखरीत कड) लागली, म्हणजे घासणे कडेपर्यंत पोहोचले. मग मूठ किंचित उचलून, कोन ३० अंशांचा करून ६००० ग्रिटच्या दगडावर थोडेच घासावे आणि पाठ सपाट टेकवून धस काढावी. मऊ लाकडाच्या कापलेल्या टोकावरून चुरा न होता पातळ सालपट निघाले, की धार जमली.

लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे घासकाम करताना मास्क लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी. फिरत्या यंत्राजवळ मात्र हातमोजे घालू नयेत, कारण ते पात्यात ओढले जातात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.