प्लाझ्मा कटिंगसाठी डोळ्यांचं संरक्षण कसं निवडावं?

फॅब्रिकेशनच्या दुकानात विजेच्या झोताने धातू कापणारं नवं प्लाझ्मा मशीन आलं की टॉर्च, नोझल, इलेक्ट्रोड, एअरची लाइन, सगळ्याची चौकशी होते. डोळ्यांवरच्या काळ्या काचेची मात्र कोणी करत नाही. खुंटीला टांगलेला गॅस कटिंगचा गॉगल डोळ्यावर चढतो आणि काम सुरू होतं. छोट्या मशीनवर तो कदाचित चालून जाईल, मोठ्या मशीनवर अजिबात चालणार नाही.

आधी ॲम्पिअर बघा

काचेचा नंबर म्हणजे शेड. ती ठरते तुम्ही किती ॲम्पिअरवर कापता त्यावरून. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा तक्ता असा आहे: २० ॲम्पिअरच्या आत शेड ४, २० ते ४० ला ५, ४० ते ६० ला ६, ६० ते ८० ला ८. ८० ते ३०० ॲम्पिअरला ९ घ्यावी, पण ८ च्या खाली जाऊ नये. अमेरिकेतल्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचा, नियम आणखी कडक आहे. आर्क (टॉर्चमधून निघणारा विजेचा प्रखर झोत) उघडा दिसत असेल, तर ३०० ॲम्पिअरच्या आतल्या सगळ्या कामाला किमान ८. आर्क जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, आड राहत असेल तरच त्याहून हलकी काच चालते.

शेड ५ मधून साधारण २ टक्के उजेड आत येतो, शेड ८ मधून फक्त ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ वीसपट फरक! त्यामुळे ‘एखाद-दोन नंबर इकडेतिकडे’ हे बोलणं इथे चालत नाही. दुसरीकडे, काच इतकीही काळी नको की मारलेली रेघच दिसत नाही. मग माणूस काच वर करून बघतो आणि नेमका तेव्हाच आर्क लागतो. गडद काचेपासून सुरुवात करा, कट नीट दिसेपर्यंत एकेक नंबर खाली या, पण तक्त्यातल्या किमान नंबरावर थांबा.

काळी दिसते म्हणून घेऊ नका

रस्त्यावरचा काळा चष्मा कितीही गडद असला तरी उपयोगाचा नाही. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काचेने न अडवलेले अतिनील व अवरक्त किरण जास्त आत शिरतात. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, काचेवरचा शिक्का वाचा. अमेरिकन मालावर ‘झेड८७’ आणि त्यापुढे ‘डब्ल्यू’ अक्षरासोबत शेडचा नंबर असतो. जुन्या युरोपियन मालावर ‘ईएन १६६’ किंवा ‘ईएन १६९’ बघा, ऑटो-डार्क (आर्क लागताच आपोआप काळी होणाऱ्या) काचेसाठी ‘ईएन ३७९’; नव्या मालासाठी त्यांच्या जागी ‘आयएसओ १६३२१’ आलं आहे. भारतीय मालासाठी आयएस ५९८३ आणि आयएस ११७९ ही मानकं आहेत. शिक्काच नसेल तर ती काच दुकानातच ठेवून या.

गॉगल की हेल्मेट?

प्लेटच्या कडेपासून कट सुरू केला तर ठिणग्या बहुतेक खाली जातात. मधोमध भोक पाडताना तसं होत नाही. आर्क आरपार जाईपर्यंत वितळलेला लोखंडाचा रस वर उसळतो आणि थेट तोंडाकडे येतो. म्हणून मी पूर्ण चेहरा झाकणारं शील्ड किंवा हेल्मेटच सुचवेन, आणि त्याच्या आत बाजू झाकणारा साधा सेफ्टी चष्मा. स्लॅग (कडेला चिकटलेला थिजलेला रस) झाडताना हेल्मेट वर जातं, तेव्हा तुकड्यांपासून वाचवायला तो चष्माच उरतो. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर बसणारा मोठा सेफ्टी चष्मा घ्या. नंबरच्या चष्म्याला सेफ्टी चष्मा समजू नका.

ऑटो-डार्क हेल्मेट सोयीचं आहे, पण दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या कामाची शेड त्यात मिळते का. वेल्डिंगची बरीच हेल्मेट ९ च्या खाली जातच नाहीत. दुसरी, ते ग्राइंडिंग मोडवर राहिलेलं नाही ना. त्या मोडवर काच काळी होत नाही. कट करताना सेन्सरसमोर हात किंवा टॉर्च आली तरी काच पुन्हा पारदर्शक होऊ शकते.

शेजारचा माणूस

प्लेट धरणाऱ्या हेल्परलाही तेवढीच काच हवी. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमवरून उजेड परावर्तित होतो, म्हणून पाठमोरं उभं राहून भागत नाही. बाकीच्यांसाठी वेल्डिंगचा पडदा लावा. कारखान्यात डोळ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी मालकावर असते (२०२५ पर्यंत ती कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३५ मध्ये होती), त्यामुळे काच मागायला संकोच नको.

काच कधी बदलायची?

बाहेरच्या पांढऱ्या काचेवर ठिणग्यांचे डाग पडून दिसेनासं झालं की लगेच बदला, ती स्वस्त असते. आतल्या काळ्या काचेला तडा किंवा खड्डा दिसला तर ती फेकून द्या.

आर्कच्या चमकेने डोळ्यांना इजा झाली, म्हणजे चमक लागली, तर ते तेव्हाच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बरेचदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. डोळे चोळू नका, बटाट्याची चकती किंवा दूध घालू नका. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने टाकू नका, त्याने जखम भरायला वेळ लागतो. थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि किती ॲम्पिअरवर, कोणत्या काचेने कापत होता तेही सांगा.