बाखच्या आरिओझोसाठी कोणतं ल्यूट?

१७२४ च्या ‘योहानेस पॅशन’ या ख्रिस्ताच्या यातनांवरच्या गायनरचनेतल्या ‘बेट्राख्टे, माइने झेल’ या आरिओझोसाठी (छोट्या, गेय एकल गाण्यासाठी) डी-मायनर जुळणीचं, तारांच्या १३ जोड्यांचं बरोक ल्यूट (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) घ्या. थिऑर्बो (लांब मानेचं मोठं ल्यूट) शक्यतो नको: त्याच्या वरच्या दोन तारा एक सप्तक खाली असतात, त्यामुळे उंच स्वरांसाठी हात फार वरच्या पडद्यांवर न्यावा लागतो.

रचना ई-फ्लॅट मेजरमध्ये आहे. म्हणून खर्जातल्या ९व्या, १२व्या आणि १३व्या जोड्या अर्ध्या स्वरानं उतरवा, तेही कार्यक्रमापूर्वीच. नुकत्याच उतरवलेल्या तारा बराच वेळ सरकत राहतात. स्वरमान (‘ए’ या स्वराची कंपनसंख्या) ४१५ हर्ट्झ ठेवा. तारेच्या ७० सेंटिमीटर लांबीवर आतड्याची पहिली तार ४४० ला सहज तुटते.

ल्यूटवादकाला गायकाशेजारी, पुढे बसवा. रचनेतल्या दोन्ही व्हायोला द’अमोरे (गजानं वाजवायची तंतुवाद्यं) हळूच वाजल्या पाहिजेत, नाहीतर ल्यूट ऐकूच येत नाही.