बोसीसला जायचंय? मग फेब्रुवारीची वाट बघू नका

मूल दहावीत आहे आणि ‘मला गाड्यांचं काम शिकायचंय’ म्हणतंय? मग नाताळच्या सुटीआधीच हालचाल करा. न्यूयॉर्क राज्यात असं हाताचं काम बोसीसमध्ये (BOCES) शिकवतात. बोसीस म्हणजे आसपासच्या डिस्ट्रिक्टांनी, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांनी, मिळून चालवलेली संस्था. आधी पत्ता बघा. राज्यात अशा 37 बोसीस आहेत, पण न्यूयॉर्क शहर, बफलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूस आणि योंकर्स यांतल्या कुठल्याच शहराचा डिस्ट्रिक्ट त्यांचा सभासद नाही. म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये राहणाऱ्यांना पुढचं सगळं निरुपयोगी. शेजारच्या नासाउ काउंटीत मात्र एकाच बोसीसचे 56 डिस्ट्रिक्ट सभासद आहेत.

सभासद हा शब्द मुद्दाम वापरला. चार गावच्या शेतकऱ्यांनी मिळून कारखाना काढावा, तसं हे प्रकरण आहे. वेल्डिंगचं वर्कशॉप एकट्या डिस्ट्रिक्टला परवडत नाही, म्हणून सगळे मिळून चालवतात आणि आपापल्या मुलांचे पैसे भरतात. त्यातला काही वाटा राज्य पुढच्या वर्षी परत करतं. 1948 सालच्या कायद्याने ही सोय तात्पुरती म्हणून केली होती. तात्पुरत्याचं आयुष्य किती असतं, ते आपल्याला सांगायला नको.

म्हणून फोन बोसीसला नाही, आपल्या शाळेतल्या काउन्सेलरला करायचा. मी उलटं केलं. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात ‘तुमचा डिस्ट्रिक्ट कुठला?’ विचारून मला परत शाळेकडे पाठवलं. आठवडा गेला. पुढच्या वर्षी काय काय हवंय, हे डिस्ट्रिक्टला 1 फेब्रुवारीपर्यंत बोसीसला कळवावं लागतं, त्यामुळे त्याआधी भेट झालेली बरी.

भेटीला जाताना मुलाचं वेळापत्रक छापून न्या. हा कोर्स बहुधा अकरावी-बारावी अशी दोन वर्षं, रोज अर्धा दिवस चालतो. उरलेला अर्धा दिवस आपल्याच शाळेत आणि डिप्लोमाही तिचाच. पण त्या अर्ध्या दिवसात केमिस्ट्री, ऑर्केस्ट्रा आणि एपी (कॉलेजच्या पातळीचे) कोर्स कोंबायचे असतात. आम्ही पेन्सिलने तीनदा खोडून लिहिलं, शेवटी ऑर्केस्ट्रा गेला. बसची वेळ विचारा, आणि खेळाच्या टीमच्या सरावाला वेळेत पोचता येतं का तेही. गणिताचं किंवा इंग्रजीचं क्रेडिट कोर्समध्येच मिळत असेल तर पुष्कळ सुटसुटीत होतं; हे तोंडी नको, ईमेलवर घ्या.

विशेष गरजा असलेल्या मुलांची वाट वेगळी आहे. तिथे काउन्सेलर नव्हे, डिस्ट्रिक्टची सीएसई ही विशेष शिक्षणाची समिती ठरवते. बैठकीत ‘8:1:1’ असं काही कानावर पडेल: आठ मुलं, एक शिक्षक, एक मदतनीस. बोसीसच्या वर्गाचा विषय निघाला तर तो वर्ग आधी डोळ्यांनी बघून या, मगच मान डोलवा.

मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी डिस्ट्रिक्टच्या बजेटवर मतदान होतं. नागरिक असाल तर मत द्या. एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, पण डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकीत जाऊन बसता येतं.

साताऱ्याला आजीला स्वतः फोन करून सांगा, नाहीतर ‘पोराला गॅरेजात घातलं’ ही बातमी भलत्याकडून पोचते. वर्कशॉपचे बूट मात्र ऑगस्टच्या शेवटी घ्या. बोटांवर स्टीलची टोपी असलेले लागतात, आणि आमचे जूनमध्ये घेतलेले सप्टेंबरात चढेनात.