आधी रिंग मोजा

खेड्यात राहून बास्केटबॉल खेळायचं म्हणणाऱ्या पोरापोरींना मी सगळ्यात आधी टेप आणायला सांगतो. शॉट, ड्रिबल, लेअप हे सगळं मागाहून. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत 3.05 मीटर, म्हणजे जुन्या हिशोबाने दहा फूट. मोजायचं ते रिंगच्या बरोबर खालून, खांबाच्या बुडापासून नाही. फ्री थ्रोची, म्हणजे समोरच्याच्या चुकीमुळे मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, रेषा रिंगमागच्या बोर्डाच्या तोंडापासून 4.60 मीटर. पावलांनी मोजू नका, प्रत्येकाचं पाऊल वेगळं. एवढी साधी गोष्ट मला तेरा वर्षांनी कळली, आणि तोवर माझं आणि बाबांचं बोलणं बंद झालं होतं.

आमचं गाव दारव्ह्याहून दिग्रसच्या अंगाला. कापूस, तूर, सोयाबीन. खेळ म्हणाल तर कबड्डी, आणि संध्याकाळी शाळेच्या मागे व्हॉलीबॉल. बास्केटबॉल गावात फक्त आमच्या घरी होता, तोही बाबांमुळे. बाबा सहा फूट उंच. ऐंशीच्या सुमारास कॉलेजसाठी अमरावतीला गेले आणि उंचीमुळे टीममध्ये ओढले गेले. सुट्टीच्या दिवशी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मोठ्या पोरांचा खेळ बघत बसायचे, असं आई सांगते. बाबा स्वतः कधी सांगत नाहीत. 1983 मध्ये आजोबांनी निरोप धाडला की आत्याचं लग्न काढलंय, वावर पाहायला कोणी नाही, परत ये. बाबा आले ते आलेच.

ही 1983 ची तारीख लक्षात ठेवा. जागतिक बास्केटबॉल चालवणाऱ्या फिबाने तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्या मागून मारलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती, आणली 1984 मध्ये. म्हणजे बाबांच्या खेळात ती रेषा नव्हतीच. त्यांच्या वेळी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव होते आणि शॉट मारायला तीस सेकंद मिळायचे. 2000 पासून दहा मिनिटांचे चार क्वार्टर झाले आणि चोवीस सेकंद. बाबांना या गोष्टी कानावरून माहीत होत्या, पण अंगात होता तो जुना खेळ: बॉल आत द्या, उंच माणसाने रिंगखाली पाय रोवून घ्यावा, वळावं, टाकावं. मी गेलो आईवर. आजही माझी उंची पाच फूट सात इंच आहे. रिंगखाली पाय रोवून मी काय करणार होतो?

रिंग लागली 2004 मध्ये, मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा. जुन्या विहिरीवरचा लोखंडी पाइप खांबाला, बैलबंडीच्या फळ्या जोडून बोर्ड, आणि रिंग दारव्ह्याच्या वेल्डरकडून. जागा घरासमोरचं खळं. बाबांनी गवंड्याचा टेप आणून दहा फूट मोजले, पाइप गाडला, वर खूण केली. त्यांच्या मापात तसूभर चूक नव्हती. पण आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला बोटबोट भेगा पडतात, बॉल कुठल्याही बाजूला उसळतो. पावसाळ्यात तीच माती चपलेला शेर-दोन शेर चिकटते आणि बॉल टप्पाच घेत नाही, नुसता बसतो. म्हणून 2008 मध्ये बाबांनी दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, पाणी मारून दाबून घेतला. खेळायला झकास मैदान झालं. जमीन वर आली. रिंग होती तिथेच राहिली.

(मुरमावर खेळत असाल तर रबरी बॉल घ्या. चामड्याचा किंवा सिंथेटिक बॉल एका हंगामात टकला होतो. मुलांचा सात नंबर, मुलींचा सहा, बारा वर्षांखालच्यांना पाच. लहान पोराच्या हातात सात नंबर दिला की ते खांद्यावरून ढकलायला शिकतं आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही.)

सकाळी उजाडायच्या आत दोनशे शॉट. बाबा बाजेवर बसून जिनिंगवाल्याकडून मिळालेल्या जुन्या वहीत लिहायचे. लागलेल्यांची नोंद नसायची, फक्त चुकलेल्यांची. चार रकाने: कमी, जास्त, डावी, उजवी. गावात दोनशे मारले की चाळीस-पन्नास चुकायचे, चारही रकान्यांत सारखे विखुरलेले. बाहेर सामना असला की बाबा वही पिशवीत घालून यायचे आणि तिथलेही लिहायचे. मला त्या वहीचा इतका तिटकारा होता की मी तिच्यात कधी डोकावलो नाही. ही माझी चूक. तुम्ही स्वतः अशी वही ठेवा. किती चुकले त्यापेक्षा कुठल्या बाजूला चुकले हे जास्त कामाचं.

2010 मध्ये फिबाने तीन गुणांची रेषा 6.25 मीटरवरून 6.75 वर नेली, रिंगखालचा जुना शंकरपाळ्यासारखा कापलेला भाग चौकोनी केला. मी शाळेच्या सरांकडून कागद आणला, बाबांना दाखवला, म्हटलं खळ्यातली रेषा मागे घेऊ. बाबा म्हणाले, "तुले बाहेरून फेकाचंच काऊन हाय? आत घुस ना!" रेषा तशीच राहिली. मी चोरून मागे जाऊन मारायचो, ते "आत!" म्हणून ओरडायचे. घरात जेवतानाही तेच. आई वरणाची वाटी पुढे करता करता म्हणायची, "त्याले जेऊ तर द्या."

2011 ची सतरा वर्षांखालची शालेय स्पर्धा. नव्या पोरांसाठी सांगतो, शालेय खेळांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी असते. राज्यात क्रीडा विभाग आठ. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो. आमच्याकडे बास्केटबॉलच्या टीमा इतक्या कमी की आम्ही थेट जिल्ह्यालाच उतरलो. तिथे जिंकलो आणि अमरावतीला विभागावर गेलो. उपांत्य सामन्यात शेवटची अकरा सेकंदं उरलेली, आम्ही एका गुणाने मागे, मला दोन फ्री थ्रो मिळाले. बाबा बाजूच्या रेषेवर उभे. पहिला रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. "कमी पडून राह्यला ना बे! ताकत लाव!" सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. दुसराही तिथेच आपटला.

परतीच्या एसटीत बाबा माझ्या शेजारी बसले होते. बडनेरा गेलं, नांदगाव खंडेश्वर गेलं, नेर आलं, एक शब्द नाही. दारव्ह्याच्या स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून तीनशे."

पुढे मला रोज दोन ग्लास दूध आणि पन्नास जोर सुरू झाले, ताकद कमी पडते म्हणून. उड्याही वाढल्या. मग गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ आलं आणि जिना उतरताना कळ यायची. बाबांना ते कामचुकारपणाचं निमित्त वाटलं. हे दुखणं वाढीच्या वयातल्या, उड्या मारणाऱ्या पोरांत नेहमीचं आहे. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मांडीच्या स्नायूची दोरी नडगीच्या हाडाला जिथे चिकटलेली असते तिथे सारखी ओढ बसते. वाढ थांबली की बहुतेकांचं आपोआप शमतं, पण तोवर उड्या कमी करायच्या, बर्फ लावायचा, मांडीचे ताण सरांकडून नीट शिकून घ्यायचे. दुखणं आठवडाभर टिकलं तर डॉक्टरला दाखवा. वडील नाही म्हणाले तर आईला सांगा, ती नेते.

बारावीनंतर एकदा भांडण झालं. मुद्दा क्षुल्लक होता, बुटांच्या पैशांचा. पण मी बोलून गेलो, "तुमचा राहिलेला खेळ मी काऊन खेळू?" बाबांनी वही उचलली, आत गेले. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं आईमार्फत. फोनवर आई म्हणायची, "तुह्या बापानं इचारलं जेवला का," आणि मागून बाबांचा आवाज यायचा, "म्या नाई इचारलं."

2015 मध्ये पंजाबचा सतनामसिंग अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 व्या क्रमांकावर निवडला गेला, भारतातला पहिला. त्याच्या बातमीचं कात्रण आईने मला पिशवीत लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून पाठवलं. 'शेतकऱ्याचा मुलगा' या शब्दांखाली पेनने रेघ मारली होती. सतनाम सात फूट दोन इंच. मी चिडून कात्रण फेकलं. लोणचं खाल्लं.

खेळ मात्र सुटला नाही. अमरावतीत होस्टेलच्या पोरांबरोबर संध्याकाळी खेळायचो, कोणी मोजत नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा मजा आली. त्यातूनच बीपीएडला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला गेलो. या वाटेवर येणाऱ्यांना दोन गोष्टी थोडक्यात. बीपीएड दोन वर्षांचं. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही करता येतो. आणि प्रमाणपत्रं जपा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागाच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून व्हावी लागते. नावातली एक वेलांटी चुकली तरी हेलपाटे पडतात. बक्षीस घेताना फोटोच्या आधी प्रमाणपत्रावरचं नाव वाचा. नोकऱ्या कमी आहेत, हेही आत्ताच ऐकून ठेवा. मी स्वतः विनाअनुदानित शाळेवर आहे, पगार कधी येतो कधी रखडतो, आणि आमच्या चार एकराला त्यामुळे अजून सुट्टी नाही.

2017 च्या दिवाळीला घरी गेलो. ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत अळी आणि डागी सरकी. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली होती. बाबा पऱ्हाटीकडे बघायलाही जात नव्हते, बाजेवर पडून असायचे. आईने मला माळ्यावरून दिव्यांची टोपली काढायला सांगितली आणि टोपलीखाली वही सापडली.

माळ्यावर बसूनच वाचली. घरच्या चुका चारही रकान्यांत होत्या. यवतमाळ, अमरावती, अकोला, बाहेरचा कुठलाही सामना काढा: कमी, कमी, कमी, एखादा डावी, पुन्हा कमी. सन 2008 च्या आधी असं नव्हतं. 2008 नंतर पानंच्या पानं. बाबांनी स्वतःच्या हाताने सगळं लिहून ठेवलं होतं आणि आमच्या दोघांपैकी कोणीच ते वाचलं नव्हतं.

रात्री कॉलेजचा टेप घेऊन खळ्यात गेलो. शिडी लावली. 2.96. नऊ सेंटिमीटर कमी, मुरमाइतके. बसक्या रिंगवर सवय झालेला हात खऱ्या रिंगवर बॉल साधारण तेवढाच अलीकडे टाकतो. बॉल सुमारे 24 सेंटिमीटरचा, रिंग 45 ची, फरक पडायला तेवढं पुरतं. सगळं खापर मी मुरमावर फोडत नाही. त्या अकरा सेकंदांत मी घाबरलोही होतो, आणि घाबरलेल्या माणसाचे पाय वाकत नाहीत.

"काय मोजून राह्यला?" बाजेवरून आवाज आला. तीन वर्षांतला पहिला प्रश्न, तोही सरळ मला.

सांगायचं होतं. शब्दही तयार होते, कित्येक वर्षांचे. पण अंगणात अळीने खाल्लेल्या कापसाचा ढीग होता आणि त्याच्याकडे पाठ करून ते झोपले होते. मी म्हटलं, "काई नाई." शिडी मात्र तिथेच विसरलो. विसरलो की ठेवली, आता सांगता येत नाही. वहीही बाजेखाली ठेवली.

होळीला गेलो तर पाइपला वरती नवा तुकडा वेल्ड केलेला, रिंग उचललेली. मोजली, 3.05. मुरमावर चुन्याची ताजी रेषा होती, 6.75 वर. त्यावर कोणी काही बोललं नाही. बाबा म्हणाले, "चा घे," मी घेतला. संध्याकाळी मी रेषेमागून मारत होतो, ते बॉल परत फेकत होते. वही बाहेर आली नाही.

प्रशिक्षक असलेल्या बापांना काय सांगावं हे मला विचारतात. मोठं काही येत नाही सांगता. सामन्यात बाजूच्या रेषेवर उभं राहू नका, समोरच्या बाजूला जाऊन बसा, म्हणजे तुमचा आवाज पोराला आणि पोराचा चेहरा तुम्हाला स्पष्ट कळत नाही. एसटीत खेळाचा विषय पोराने काढला तरच काढा. आणि तुम्ही कोणत्या साली खेळत होतात आणि त्यानंतर नियम किती बदलले, एवढं एकदा तपासून घ्या. पोरांना सांगतो, बाप ओरडतो तेव्हा तो बरेचदा त्याच्या काळातल्या मैदानावर उभा असतो. तो सांगतो ते तिथे खरंच असतं. आजही उंच पोराला रिंगखाली पाय रोवायला शिकवताना मी बाबांचीच रीत शिकवतो, त्याहून चांगली मला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेत दोन रिंगा लावल्या. बाबा न सांगता मोटरसायकलवर आले. खिशातून सुतळी काढली, तिला एका टोकाला गाठ. रिंगवरून सोडली, गाठ जमिनीपाशी धरली, डोळे बारीक करून पाहिलं.

"दोन बोटं वर हाय."

मी टेप लावला. 3.09.

बाबांनी पायाने माती उकरून पाहिली. काळी. "मुरूम टाकाचा हाय का अजून?"

"हो, जूनच्या आधी."

"मंग राहू दे," म्हणाले, आणि सुतळी गुंडाळून खिशात घातली.